कुलूपबंद संगणक

१५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अमेरिकेतल्या दुकानांत आला. किंमत २९९ डॉलर. समोर डीव्हीडीचा ट्रे, मागे टीव्हीला जोडायचं सॉकेट, आणि आत त्या काळातल्या गेमयंत्रांत उठून दिसेल अशी ताकद. पण सिनेमाची डीव्हीडी लावावी म्हटलं तर ती चालत नसे. त्यासाठी आणखी ३० डॉलरच्या आसपास मोजून वेगळा संच घ्यावा लागे. त्यात एक रिमोट असे आणि कंट्रोलरच्या सॉकेटमध्ये बसवायचा एक छोटा रिसिव्हर. सिनेमा दाखवणारा प्रोग्रॅम त्या रिसिव्हरच्या आतच साठवलेला होता. हे असं का, तर निव्वळ हिशेब. डीव्हीडी सिनेमा चालवणाऱ्या यंत्रामागे तंत्रज्ञानाच्या मालकांना परवाना शुल्क द्यावं लागे. ते विकल्या गेलेल्या प्रत्येक यंत्रावर भरण्यापेक्षा ज्याला सिनेमा पाहायचाय त्याच्याकडूनच घ्यावं, असं कंपनीनं ठरवलं.

यंत्राची कुवत होती, परवानगी नव्हती. एक्सबॉक्सचा पुढचा दहा वर्षांचा इतिहास या एका गोष्टीभोवती घडला. आज जगभर, आणि आपल्याकडेही टीव्हीला जोडलेल्या असंख्य छोट्या डब्यांवर चालणारा ‘कोडी’ हा प्रोग्रॅम त्याच इतिहासातून आला आहे.

ज्यांनी पहिल्यांदा एक्सबॉक्सचं झाकण काढलं त्यांना आत अनोळखी असं फारसं काही दिसलं नाही. इंटेलच्या पेंटियम थ्री घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ८ किंवा १० जीबीची साधी आयडीई हार्ड डिस्क आणि १०० मेगाबिटचं नेटवर्क सॉकेट. ऑपरेटिंग सिस्टीम विंडोज २००० पासून छाटून केलेली. कंट्रोलरची सॉकेट मुळात यूएसबीच, फक्त आकार बदललेला. सोनीच्या प्लेस्टेशन २ मध्ये किंवा निन्टेंडोच्या गेमक्यूबमध्ये त्या वेळी ना हार्ड डिस्क अंगची होती, ना नेटवर्कची सोय. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवता येईल असा, कंट्रोलर हातात घेऊन चालवता येईल असा हा पूर्ण संगणक होता आणि तेवढ्या पैशांत तसा संगणक बाजारात कुठेच मिळत नव्हता.

मिळणार तरी कसा? मायक्रोसॉफ्ट स्वतः तो तोट्यात विकत होती. गेमयंत्रांच्या धंद्यात ही रीत जुनी आहे. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे कंपनीला वाटा मिळवायचा. हे गणित जमायचं तर त्या यंत्रावर कंपनीनं सही केलेल्या प्रोग्रॅमखेरीज दुसरं काहीही चालता कामा नये. कोणी लिनक्स टाकून त्याचा स्वस्तातला संगणक केला, तर त्या विक्रीतला तोटा कधीच भरून निघणार नाही. म्हणून एक्सबॉक्सला कुलूप होतं, आणि ते पहिल्या क्षणापासून लागू होत होतं.

हे कुलूप कसं होतं ते थोडं तपशिलात पाहायला हवं, कारण पुढची सगळी कहाणी त्याच्या रचनेतून निघते.

वीज मिळाल्यावर प्रोसेसर पहिली आज्ञा कुठून वाचतो, यावर यंत्र कोणाच्या ताब्यात आहे हे ठरतं. एक्सबॉक्सच्या बोर्डावर एक फ्लॅश चिप होती. तिच्यात सगळी ऑपरेटिंग सिस्टीम होती, पण सांकेतिक रूपात. ती उलगडणारी किल्ली आणि उलगडणारा छोटासा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टनं दुसरीकडेच दडवला होता, साउथब्रिज नावाच्या चिपमध्ये. या गुप्त प्रोग्रॅमची लांबी अवघी ५१२ बाइट. यंत्र सुरू झालं की हा प्रोग्रॅम चाले, फ्लॅशमधला पुढचा भाग उलगडे, तो खरा आहे का ते तपासे आणि मग सूत्रं त्याच्या हाती देई. तिथून पुढे प्रत्येक टप्पा आपल्यापुढच्या टप्प्याची सही तपासत जाई.

मूळ कल्पना चांगली होती. अडचण एकच होती. गुपित प्रोसेसरच्या पोटात ठेवलं असतं तर ते बाहेर दिसलं नसतं, पण इंटेलकडून खास वेगळा प्रोसेसर घडवून घ्यायला खर्च आणि वेळ लागला असता. साउथब्रिज चिप एनव्हिडिया नाहीतरी खास एक्सबॉक्ससाठी बनवतच होती. गुपित तिथे ठेवणं सोयीचं होतं. मात्र त्यामुळे ते ५१२ बाइट प्रोसेसरपर्यंत पोचताना बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमधून उघडपणे जाणार होते. त्या रेषांवरून माहिती इतक्या वेगानं धावते की कुणाला ती टिपता येणार नाही, या भरवशावर सगळं उभं होतं.

एमआयटीमध्ये डॉक्टरेटचं काम करणाऱ्या अँड्र्यू हुआंग यांनी ती टिपली. ‘बनी’ या नावानं ओळखले जाणारे हुआंग चिप आणि बोर्ड घडवण्यात तरबेज होते. साउथब्रिज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामधल्या आठ पदरी वेगवान मार्गावर त्यांनी स्वतः बनवलेला एक लहानसा बोर्ड सोल्डर केला. तिथून येणारे संकेत त्यांनी प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या, हव्या त्या कामासाठी जुळवता येणाऱ्या चिपला दिले आणि यंत्र सुरू होतानाची पहिली देवाणघेवाण नोंदवून घेतली. त्या नोंदीत गुप्त प्रोग्रॅम होता आणि किल्लीही होती. मे २००२ मध्ये त्यांनी यावर एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचा टिपणवजा प्रबंध लिहिला. २००३ मध्ये ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ हे त्यांचं पुस्तक आलं. वायली ही मोठी प्रकाशन संस्था ते काढणार होती, पण कुलपं उघडण्याविरुद्धच्या अमेरिकी कायद्याच्या भीतीनं तिनं अंग काढून घेतलं. हुआंग यांनी पुस्तक आधी स्वतः विकलं, नंतर नो स्टार्च प्रेसनं ते काढलं. मार्च २०१३ मध्ये, माहिती सर्वांना खुली असावी म्हणून लढणारे प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर, हुआंग यांनी त्यांच्या स्मरणार्थ ते सर्वांसाठी मोफत खुलं केलं. यंत्र समजून घेऊ पाहणाऱ्या तरुणानं ते आजही वाचावं. सोल्डरिंगची लोखंडी कांडी हातात कशी धरायची इथपासून त्यात शिकवलेलं आहे.

मायक्रोसॉफ्टनं कुलूप बदललं. नव्या आवृत्तीत किल्ली वेगळी होती आणि फ्लॅशमधला भाग अस्सल आहे की नाही हे तपासायला टीईए नावाची पद्धत वापरली होती. केंब्रिजमध्ये १९९४ साली तयार झालेली ही पद्धत मजकूर गुप्त करण्यासाठी आहे. तिच्यात किल्ल्यांच्या काही जोड्या एकमेकींसारख्याच वागतात, ही उणीव अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच मांडली होती. त्यामुळे अस्सलपणा तपासायला ती वापरू नये, हेही तेव्हाच कळलेलं होतं. नेमकी तीच उणीव इथे नडली. ठरावीक दोन बिट एकदम उलटवले की प्रोग्रॅम बदलतो, पण तपासणीचा निकाल तोच राहतो. दुसरं कुलूपही गेलं.

यातून ‘मॉडचिप’ नावाचा धंदा उभा राहिला. कारखान्यात बोर्ड तयार करताना पहिल्यांदा प्रोग्रॅम भरण्यासाठी ठेवलेली छिद्रांची एक ओळ बोर्डावर होती. फ्लॅश चिपची एक रेषा जमिनीला जोडली की यंत्राला फ्लॅश रिकामी वाटे आणि ते या छिद्रांतून प्रोग्रॅम वाचायला जाई. मॉडचिप तिथेच बसवायची. झेक्यूटर, झेनियम, अलादीन ही त्या काळातली गाजलेली नावं. ज्याला सोल्डरिंग येतं त्याला हे काम एका संध्याकाळचं होतं.

पण प्रत्येकाला सोल्डरिंग येत नाही. लिंडोज कंपनीचे संस्थापक मायकेल रॉबर्टसन यांनी एक्सबॉक्सवर लिनक्स चालवून दाखवणाऱ्यांसाठी २ लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, सुरुवातीला नाव न सांगता. त्यातला अर्धा भाग यंत्राला हात न लावता हे जमवणाऱ्यासाठी राखलेला होता. मायकेल स्टाइल यांच्या पुढाकारानं चाललेल्या एक्सबॉक्स लिनक्स प्रकल्पातले लोक याच वाटेच्या शोधात होते. मार्च २००३ मध्ये ती वाट सापडली, आणि ती एका गेममधून जात होती. ‘००७: एजंट अंडर फायर’ हा जेम्स बाँडचा गेम.

गेम अर्धवट सोडताना खेळाडूची प्रगती एका फाइलमध्ये साठवली जाते. पुन्हा सुरू करताना गेम ती फाइल वाचतो. रेल्वेच्या आरक्षणाच्या अर्जात नावासाठी ठरावीक चौकटी असतात आणि खाली ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ असा वेगळा रकाना असतो. समजा कोणी नाव इतकं लांब लिहिलं की ते वाहत त्या रकान्यात गेलं आणि खिडकीवरच्या माणसानं तो मजकूर साहेबांचा हुकूम समजून पाळला. बाँडच्या गेममध्ये हेच झालं. साठवलेल्या फाइलमधला एक मजकूर किती लांब असावा हे गेम तपासतच नव्हता. मुद्दाम लांबवलेला मजकूर मेमरीतल्या शेजारच्या जागेत घुसे आणि प्रोसेसर तो आज्ञा म्हणून पाळू लागे. गेम अस्सल, तबकडी अस्सल, मायक्रोसॉफ्टची सही अस्सल. कुलुपाच्या साखळीतली एकही कडी तुटलेली नसे. त्यातच एक्सबॉक्सवर प्रत्येक गेम ऑपरेटिंग सिस्टीमच्या बरोबरीच्या अधिकारानं चालत असे. वेग मिळावा म्हणून मधली भिंत ठेवलीच नव्हती. एका गेममधली चूक म्हणजे सबंध यंत्र हाती.

पुढे ‘मेकअसॉल्ट’ आणि ‘स्प्लिंटर सेल’ या गेममध्येही अशाच फटी सापडल्या. गेमची ती विशिष्ट जुनी प्रत कोणाकडून तरी मागून आणायची, बदललेली फाइल मेमरी कार्डवरून यंत्रात घालायची, गेम सुरू करून ‘लोड’ दाबायचं. पडद्यावर गेमऐवजी वेगळाच मेनू उभा राही. हा बदल कायमचा करण्याची युक्तीही सुरेख होती. एक्सबॉक्सचा मुख्य पडदा, म्हणजे डॅशबोर्ड, आपल्या बहुतेक फायली वापरण्याआधी तपासून घेई. अक्षरांच्या फॉन्टची फाइल मात्र तपासली जात नसे. फॉन्टमध्ये चोरवाट ठेवली की यंत्र दर वेळी आपोआप मोकळं होऊनच सुरू होई. याला ‘सॉफ्टमॉड’ म्हणतात.

आता राहिली हार्ड डिस्क. ८ जीबीत सिनेमे किती मावणार? मोठी डिस्क लावावी तर तिथेही कुलूप. प्रत्येक यंत्राची डिस्क पासवर्डनं बंद केलेली असे आणि तो पासवर्ड त्या यंत्राच्या बोर्डावरच्या एका लहान चिपमधल्या माहितीवरून तयार होई. डिस्क काढून साध्या संगणकाला लावली तर ती वाचता येत नसे. यावर तोडगा निघाला तो धीटपणाचा होता. एक्सबॉक्स उघडा ठेवून सुरू करायचा. सुरू होताना तो स्वतःच डिस्कचं कुलूप काढतो. मग वीज चालू असतानाच डिस्कची रुंद, चपटी केबल हलक्या हातानं ओढून काढायची आणि शेजारी ठेवलेल्या संगणकाची तशीच केबल तिथे बसवायची. विजेची वायर मात्र एक्सबॉक्सचीच राहू द्यायची. जोवर वीज तुटत नाही तोवर डिस्क उघडी राहते. एक पिन वाकडी झाली किंवा स्क्रूड्रायव्हर बोर्डावर पडला तर दोन्ही यंत्रं जाण्याची भीती. तरीही हे करणारे पुष्कळ होते.

एवढं सगळं कशासाठी? खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी ते चोरीचे गेम खेळण्यासाठीच केलं. भाड्यानं आणलेला गेम डिस्कवर उतरवून घ्यायचा आणि तबकडी परत करायची, हे सर्रास चाले. गेम बनवणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं आणि त्याचं समर्थन करता येत नाही. पण त्याच उघड्या दारातून दुसरी एक मंडळी आत शिरली, आणि त्यांच्या कामाचं मोल फार मोठं आहे.

२००२ मध्ये एक्सबॉक्सवर सिनेमे आणि गाणी वाजवणारे दोन वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम काही हौशी प्रोग्रॅमर लिहीत होते. वर्षअखेर दोन्ही गट एकत्र आले आणि ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेअर’ तयार झाला. टोपणनावांनी वावरणाऱ्या या मंडळींपैकी ‘फ्रोडो’ हे नाव पुढे सर्वांत प्रसिद्ध झालं. २००३च्या डिसेंबरात त्यांनी हा प्रोग्रॅम थांबवून नव्या रचनेचा ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ जाहीर केला. सगळे त्याला एक्सबीएमसी म्हणत. जून २००४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. चित्र आणि आवाज उलगडण्याचं काम एमप्लेअर आणि एफएफएमपेग या लिनक्सच्या जगात वाढलेल्या मुक्त प्रकल्पांवर सोपवलेलं होतं.

त्या काळातली घरं आठवली की याची किंमत कळते. सिनेमे, गाणी, फोटो सगळं संगणकावर, आणि संगणक आतल्या खोलीत टेबलावर. टीव्ही बाहेर. दोघांमध्ये ये-जा करायची तर सीडी जाळायची, ती प्लेअरनं वाचली तर वाचली. एक्सबीएमसीनं हे अंतर एका नेटवर्क केबलनं मिटवलं. विंडोजमधलं शेअर केलेलं फोल्डर ते थेट वाचत असे. एका सीडीत मावेल असा ७०० एमबीचा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड सिनेमा निवडायचा आणि तो तिथूनच सुरू व्हायचा, काही उतरवून न घेता. शेजारी सबटायटलची फाइल असेल तर ती आपोआप खाली दिसे. व्हीसीडी चाले, एमपी३ चाले, इंटरनेट रेडिओ चाले, फोटोंची मालिका चाले. मुख्य पडद्यावर हवामान दिसे. पायथन भाषेत लहान प्रोग्रॅम लिहून ज्याला हवं त्यानं आणखी काही जोडावं. आणि हे सगळं सोफ्यावरून चालवायला सर्वांत सोयीचा ठरला तो मायक्रोसॉफ्टनंच विकलेला डीव्हीडीचा रिमोट.

प्रोग्रॅमरांच्या दृष्टीनं पाहिलं तर हे काम किती अवघड होतं ते कळतं. ६४ एमबी मेमरी, आणि तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यात वाटून घ्यायची. म्हणून एक्सबीएमसी लागेल तेवढाच भाग मेमरीत आणत असे. गाणं लावलं तर गाण्याचा भाग आत, सिनेमा लावला तर गाण्याचा भाग बाहेर आणि सिनेमाचा आत. दूरवरून वाचता येतील अशी मोठी अक्षरं, चार बाणांच्या बटणांनी फिरता येईल असा मेनू, पोस्टरांच्या रांगा. आज कोणत्याही स्मार्ट टीव्हीवर जी मांडणी सहज दिसते, तिचा मोठा भाग या हौशी लोकांनी फुकटात, रात्री जागून घडवला होता.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टनंही एक्सबॉक्ससाठी स्वतःचा ‘मीडिया सेंटर एक्स्टेंडर’ संच आणला. किंमत सुमारे ८० डॉलर. पण तो चालायला घरात विंडोज एक्सपी मीडिया सेंटर एडिशन असलेला संगणक हवाच. एक्सबीएमसीला कोणत्याही संगणकावरचं साधं फोल्डर पुरे होतं. यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्यापेक्षा ते ज्यांनी उघडलं त्यांना वापरणाऱ्याची गरज जास्त चांगली कळली होती, असं म्हणायला इथे पुरेसा आधार आहे.

कायद्याचा पेच मात्र सुटला नव्हता. एक्सबीएमसीचा मूळ कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुला होता. पण तो कोड एक्सबॉक्सवर चालणाऱ्या फाइलमध्ये बदलायला मायक्रोसॉफ्टची विकासकांसाठीची साधनं लागत आणि ती फक्त परवानाधारक गेम कंपन्यांसाठी होती. त्यामुळे प्रकल्पाचे लोक फक्त कोड देत. तयार प्रोग्रॅम त्यांनी कधीच अधिकृतपणे वाटला नाही. तो इतर मार्गांनी फिरत राहिला. एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेत बदल केलेलं यंत्र आढळलं की मायक्रोसॉफ्ट ते कायमचं बाहेर काढत असे. देशोदेशीची न्यायालयंही एकमतानं बोलत नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपबद्दलच्या खटल्यात ती विकणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. भारतात कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ हे २०१२च्या दुरुस्तीनं आलं. त्यात तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. मात्र तो कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे, आणि कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढण्याला त्याच कलमात सूटही आहे. हेतू आणि कृती यांत आपल्या कायद्यानं केलेला हा फरक शहाणपणाचा आहे. घरच्या लग्नाचा व्हिडिओ जुन्या एक्सबॉक्सवर पाहणं आणि गेमच्या चोरट्या प्रती विकणं यांना एकाच मापानं मोजता कामा नये.

एक्सबॉक्सच्या कुवतीची मर्यादा अखेर आड आलीच. २००६ नंतर हाय डेफिनिशन व्हिडिओ पसरू लागला. एच.२६४ पद्धतीनं दाबलेला व्हिडिओ उलगडायला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर अपुरा होता आणि ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी वेगळी सोय नव्हती. मेनू छान फिरायचा, सिनेमा मात्र अडखळायचा. म्हणून २००७ पासून प्रकल्पानं आपलं घर बदलायला सुरुवात केली. प्रोग्रॅम आधी लिनक्सवर नेला गेला, नंतर मॅक आणि विंडोजवर. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेली ‘अटलांटिस’ आवृत्ती या सर्वांवर चालत होती. मे २०१० मध्ये एक्सबॉक्सवरचं अधिकृत काम थांबलं. जुन्या यंत्रावर जीव असलेल्या काही लोकांनी ते ‘एक्सबीएमसी फॉर एक्सबॉक्स’ या वेगळ्या शाखेत पुढे चालू ठेवलं.

मूळ झाडाला फांद्याही पुष्कळ फुटल्या. मॅकसाठी वेगळी वाट धरलेल्या शाखेतून २००८ मध्ये प्लेक्स निघालं. बॉक्सी त्याच कोडवर उभं राहिलं आणि २०१३ मध्ये सॅमसंगनं ते विकत घेतलं. फ्रोडोनं विंडोजसाठी मीडियापोर्टल सुरू केलं. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला. काही वॉट विजेवर तो पूर्ण हाय डेफिनिशन सिनेमा दाखवू शकत होता, आणि त्यावर एक्सबीएमसी चालताना दिसलं तेव्हा जुन्या एक्सबॉक्सचं काम त्याच्याकडे गेलं. २०१३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीला ‘फ्रोडो’ हे नाव देऊन मंडळींनी आपल्या संस्थापकाचा मान राखला. २०१४ मध्ये प्रकल्पाचं नाव कोडी झालं, कारण एक्सबॉक्सशी त्याचा संबंध तोवर उरला नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये तो संबंध पुन्हा जुळला. कोडी एक्सबॉक्स वनवर आलं, या वेळी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दुकानातून.

मूळ एक्सबॉक्स २ कोटी ४० लाखांच्या आसपास विकले गेले. त्यातले काही आपल्याकडेही आहेत, बहुतेक परदेशातल्या नातलगांनी आणलेले, आणि आता माळ्यावर पडलेले. ते पुन्हा सुरू करण्याचा विचार असेल तर आधी मागचं लेबल वाचावं. अमेरिकेतल्या यंत्राचा वीजपुरवठा ११० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावलं तर जळेल. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. वायरकडेही पाहावं. आगीच्या धोक्यामुळे मायक्रोसॉफ्टनं २००५ मध्ये १ कोटी ४१ लाख यंत्रांच्या वायर बदलून देण्याची घोषणा केली होती.

मग यंत्र उलटं करावं. सहा स्क्रू आहेत, चार रबरी पायांखाली आणि दोन लेबलांखाली. सगळ्यांचं डोकं चांदणीच्या आकाराचं, त्यामुळे टॉर्क्स टी२० पाना लागतो. आत डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हचे तीन स्क्रू टी१०चे. हे पाने मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात. दोन्ही ट्रे उचलले की मुख्य बोर्ड दिसतो. त्यावर घड्याळ चालू ठेवण्यासाठी बसवलेला एक फराडचा गोल कपॅसिटर शोधावा. अगदी शेवटची आवृत्ती सोडली तर बाकी सर्व आवृत्त्यांतला हा कपॅसिटर वय झालं की गळतो, आणि त्यातलं द्रव बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. तपकिरी, चिकट डाग दिसला तर गळती सुरू झालेली आहे. कपॅसिटर काढून टाकला तरी यंत्र व्यवस्थित चालतं. वीज काढली की तारीख-वेळ विसरतं, एवढंच. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं पुसून घ्यावी.

सिनेमे पाहण्यासाठी आज यापेक्षा स्वस्त आणि कमी वीज खाणारी साधनं आहेत, तेव्हा त्यासाठी एक्सबॉक्स मुद्दाम विकत घेऊ नये. पण घरात असेल तर तो भंगारात देऊ नका. सॉफ्टमॉड नंतर कधीही करता येईल; कपॅसिटर मात्र या आठवड्यातच काढा, कारण बंद पडून असलेल्या यंत्रातही तो गळतच असतो.